उद्या दहाला ताईची माती

सगळ्यात आधी एक सांगते. माझा भुताखेतांवर, करणीवर, अंगात येण्यावर काडीचाही विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचायचे ते दुपारी जेवण झाल्यावर, टाइमपास म्हणून... आणि मनात म्हणायचे, यांना ॲसिडिटी झाली असणार. आमच्याकडे धुवायला येणाऱ्या निम्म्या गाड्यांना पुढे लिंबू-मिरची लटकलेली असते. धुण्याआधी मी ती कात्रीने कापून सरळ कचऱ्यात टाकायचे. कुणी कुरकुर केलीच तर सांगायचे, "साहेब, लिंबाच्या रसाने क्रोम खराब होतं." गप्प बसायचे बिचारे. तर मी अशी आहे. वाचून हसलात तरी राग नाही, तुमच्या जागी मीही हसलेच असते.

मी वैशाली. माहेर परंदवडी, सासर तळेगाव. लग्नाआधीपासून मी एका गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपला होते. काम काय, तर रंग होऊन आलेल्या बॉडीवरून हात फिरवायचा. डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना कळतं, त्याचा मला पगार होता. पुढे कॉन्ट्रॅक्ट संपलं. धाकट्या भावाला, प्रशांतला म्हटलं, चल, आपलंच काहीतरी काढू. सोमाटणे फाट्याजवळ जुन्या हायवेला लागून एक पत्र्याची शेड मिळाली. तिथे आम्ही गाड्यांचं वॉशिंग आणि डिटेलिंग सुरू केलं. धुणं प्रशांतकडे, रंगाचं सगळं माझ्याकडे.

आता जे घडलं ते कळायला आमचं एक काम समजून घ्यावं लागेल. गाडी कितीही धुतली तरी रंगावर एक खर राहते. डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक, ब्रेकची लोखंडी धूळ. ती पाण्याने निघत नाही. त्यासाठी एक मऊ गोळा मिळतो, साबणाच्या वडीएवढा, पोरं खेळतात त्या क्लेसारखा. पत्र्यावर शाम्पूचं पाणी मारायचं आणि हा गोळा चपटा करून हलक्या हाताने फिरवायचा. आधी खर्र खर्र आवाज येतो, गोळा अडतो. मग हळूहळू आवाज थांबतो आणि हात सुळकन पुढे जातो. गोळ्याला घाण चिकटली की तो दुमडायचा, मळायचा, स्वच्छ बाजू वर आणायची. काम नीट झालं की नाही ते बघायला पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून रंगावरून बोटं फिरवायची. पिशवीतून बारीकसा कणसुद्धा कळतो.

या गोळ्याला इंग्रजीत क्ले म्हणतात. आम्ही आपलं त्याला माती म्हणायला लागलो. "ताई, लाल गाडीची माती झाली का?" "झाली, पॉलिशला घे."

मावळात 'माती' म्हणजे आणखी काय, हे मला सांगायला नको. माणूस गेला की पहिला प्रश्न असतो, माती कधी आहे? मातीला जाऊन आलो, म्हणतात. दहन असलं तरी शब्द मातीच. आम्हाला हे कळत नव्हतं असं नाही. उलट त्यावर आमचे जोक चालायचे. प्रशांत ओळखीच्या गिऱ्हाइकाला फोनवर मुद्दाम गंभीर आवाजात सांगायचा, "काका, तुमची माती झाली. आता येऊन घेऊन जा." पलीकडून शिव्या यायच्या. आमचं हसून हसून पोट दुखायचं.

फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी लोणावळ्याच्या एक मॅडम गाडी सोडून गेल्या. त्या शाळेत शिकवतात, घर रुळांच्या अगदी कडेला. गाडी पांढरी आणि तिच्यावर सगळीकडे बारीक नारिंगी ठिपके. रेल्वेच्या ब्रेकची धूळ रंगात रुतून गंजते, त्याचे हे ठिपके. पिशवी घालून हात फिरवला तर बॉनेट सँडपेपरसारखं लागत होतं. मी प्रशांतला म्हटलं, हे आज होणारं काम नाही. त्याने मॅडमना फोन लावला आणि नेहमीसारखा मोठ्याने बोलला, "मॅडम, आज फक्त धुतो. उद्या सकाळी दहाला माती, मग पॉलिश. दुपारी गाडी घेऊन जा."

फोन ठेवून त्याने पाण्याचा पंप चालू केला. मी आत शेडमध्ये बादलीत फडकी खळबळत होते. आमच्यासमोर शेअर रिक्षा थांबतात, तिथून एक म्हातारी आमच्या फरशीच्या कडेपर्यंत आली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात काही नाही. अशा आज्या दिवसभर दिसतात, म्हणून तिचा चेहरा मी काही नीट पाहिला नाही.

"कुणाची रं माती?" तिने विचारलं.

पंपाच्या आवाजात प्रशांतला वाटलं, हे काम कोण करतं असं ती विचारतेय. आमच्याकडे कामांची वाटणी अशीच बोलली जाते. पाणी प्रशांतचं, माती ताईची.

"ताईची!" तो ओरडला.

"आगं बया... तुझ्या भनीची?"

"हो आजी, बहिणीचीच. दुसऱ्या कुणाची असणार?"

"कवा म्हनलास?"

"उद्या सकाळी दहाला."

"आन हितंच?"

"इथंच की!"

म्हातारीने पदराने डोळे टिपले. मग पुढे येऊन त्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर तळवा ठेवला, आपण एखाद्याच्या पाठीवर ठेवतो तसा. "सांगते बाबा समद्यास्नी," म्हणाली.

"सांगा, सांगा! आमची फुकटात जाहिरात!" प्रशांत हसत म्हणाला.

मला आतून सगळं ऐकू येत होतं. म्हातारीचा काय समज झालाय ते माझ्या लगेच लक्षात आलं आणि मी बादलीवर वाकून खो खो हसत सुटले. डोळे पुसत बाहेर आले, म्हटलं आजीला खरं काय ते सांगावं. तर ती नव्हती. रिक्षा मिळाली असेल, असं वाटलं. प्रशांतला समजावून सांगितलं तर तो डोक्याला हात लावून म्हणाला, "म्हणजे मी तुला मारूनच टाकलं की!"

चहाच्या वेळेला त्याचा मोबाइल वाजला. त्याचे हात ओले होते म्हणून मी घेतला. आईचा फोन होता. वडील, आमचे आप्पा, गेल्यापासून आई परंदवडीला एकटीच असते. पलीकडून नुसतं रडणं. मी म्हटलं, "आई? काय झालं?" रडणं मध्येच तुटलं.

"कोन बोलतंय?"

"मी. वैशाली."

"...वैशे?" आणि मग आईने जी मला झोडायला सुरुवात केली! जिवंत असल्याबद्दल इतकी बोलणी कुणी खाल्ली नसतील. थोड्या वेळाने तिच्या तोंडून नीट वाक्यं यायला लागली. "एक बाई आलती. वट्याच्या खाली उभी ऱ्हाऊन सांगून गेली, वैशीची माती उद्या धाला, फाट्याव. मी पानी घिऊन भाईर येतोय तवर न्हाईच ती."

मी तिला म्हातारीचा घोळ सांगितला, हसवलं, फोन ठेवला. पण ठेवताना माझ्या लक्षात आलं. 'वैशी' मला फक्त घरात म्हणतात. प्रशांत तर नुसतं 'ताई' म्हणाला होता. आणि परंदवडीतलं आमचं घर तिला कुणी दाखवलं?

तेवढ्यात माझाच मोबाइल वाजला. आत्याचा फोन, औंढ्याहून. औंढे म्हणजे लोणावळ्यापलीकडे, आमच्यापासून पार दुसऱ्या टोकाला. मी हॅलो म्हटल्यावर तिनेही आधी विचारलं, कोण बोलतंय. तिच्याकडेही बाई आली होती. तीच नऊवारी, तोच निरोप, तीच चहाच्या आधीची वेळ. आत्या म्हणाली, "सांगावा आननारा घरात येत न्हाई, पानी घेत न्हाई, ह्ये मला म्हाईत हाय. पर तिचा हात बघितला का गं तू? पार मातीनं भरल्याला."

प्रशांत म्हणाला, "दोघी असतील." मी म्हटलं, "आणि आपल्याकडे आली ती तिसरी?" त्यावर तो पंपाचा पाइप गुंडाळायला लागला.

घरी नवऱ्याला, सचिनला सांगितलं. तो म्हणाला, कुणीतरी खोडसाळपणा केलाय, फाट्यावर आपल्या धंद्यावर जळणारे कमी आहेत का? मला ते पटलं. खरं म्हणजे पटवून घेतलं. 

सकाळी दुकानात गेले तर शटरसमोर आई आणि आत्या बसलेल्या. प्रशांतने त्यांना खुर्च्या दिल्या होत्या. आईने माझे दोन्ही गाल धरून पाहिले. "आज काय बी करू नगंस. घरी चल." मी म्हटलं, मॅडम दुपारी गाडी न्यायला येणार आहेत, एका म्हातारीच्या बहिरेपणापायी मी गिऱ्हाईक सोडू का? माझा स्वभावच तसा आहे. कुणी नको म्हटलं की मी हटकून करते.

मग लोक यायला लागले. आधी आमचे चुलते, खांद्यावर टॉवेल टाकून. मग आईच्या गल्लीतल्या दोन बायका, मग कारखान्यातली माझी जुनी मैत्रीण. मला समोर उभी बघून कुणी किंचाळलं, कुणी हसलं, चुलत्यांनी तर मला हात लावून बघितलं. सगळ्यांना निरोप मिळाला होता, आणि सगळ्यांकडे तीच बाई गेली होती. पहिल्यांदा गंमत वाटत होती. प्रशांत म्हणाला, "ताई, तुझ्या मातीला बरी गर्दी झाली गं!" आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. ही मंडळी चहा न घेताच परत गेली. मातीच्या जागी चहा कुणी घेत नाही, आणि नाही म्हटलं तरी सगळे जरा बावरलेलेच होते.

ती मंडळी गेली तरी गर्दी कमी होईना.

फरशीच्या कडेला, रिक्षा थांबतात तिथे, माणसं उभी होती. पांढरे सदरे, टोप्या, काही साधे शर्ट-पँटवाले, मागे चार-पाच बायका. मला वाटलं हेही आपलेच कुणीतरी. पुढे जाऊन म्हटलं, "अहो, गैरसमज झालाय, मी ठीक आहे." कुणी हसलं नाही. कुणी दचकलं नाही. माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली, मातीच्या वेळी उभं राहतात तशी, जरा मान खाली घालून. मी मागे येऊन आईला विचारलं, "आपले कोण गं हे?" आई म्हणाली, "मला वाटलं तुज्या सासरचं हायती."

सासरचं त्यातलं कुणीच नव्हतं.

तेव्हा आत्याने माझा दंड धरला. हळूच म्हणाली, "वैशे... ही मानसं दादाच्या मातीला बी हुती." दादा म्हणजे माझे आप्पा. "तवा मला वाटलं, वैनीच्या म्हायेरची असतील. आन वैनीला वाटलं, आमच्या औंढ्याची."

मंडळी, हे लिहिताना आत्ता माझ्या अंगावर काटा आलाय. तुम्ही आठवून बघा. कुठल्याही मातीला मागे काही माणसं उभी असतात. या घरच्यांना वाटतं त्या घरची, त्या घरच्यांना वाटतं या घरची. कुणी कुणाला विचारत नाही, त्या वेळी विचारतही नाहीत. मूठभर माती टाकतात आणि निघून जातात.

मी त्यांचे हात बघितले. प्रत्येकाची उजवी मूठ मिटलेली होती.

हायवेवरून ट्रक जात होते, एसटी जात होती, स्वच्छ ऊन पडलं होतं. समोरच्या पंक्चरवाल्या काकांनी दुकानाचं शटर निम्मं खाली ओढलेलं मला दिसलं. कुणाची अंत्ययात्रा जायची असली की दुकानदार ओढतात तसं. म्हणजे त्यांनाही ही माणसं दिसत होती. माझ्या एकटीच्या डोळ्यांचा खेळ असता तर किती बरं झालं असतं, असं त्या क्षणी वाटलं.

माझ्या डोक्यात एकच आलं. यांना दहाची माती सांगितली आहे ना? मग दहाला माती करून दाखवायची. कोणती माती ते त्यांना डोळ्यांनी दिसेल आणि जातील. मी गरम पाण्यातून गोळा काढला, मळला, बॉनेटवर शाम्पूचं पाणी मारलं आणि मोठ्याने म्हणाले, "ही बघा माती! गाडीची माती! हे माझं काम आहे, म्हणून ताईची माती!" आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता.

फिरवायला सुरुवात केली. खर्र खर्र... मग आवाज कमी... मग सुळकन. हात सवयीने चालत होता, त्याचा जरा आधार वाटला. पण एका जागी गोळा अडला. म्हातारीने तळवा ठेवला होता तिथेच. पुन्हा पाणी मारलं, पुन्हा फिरवला. निघेना. पिशवी घालून बोटं फिरवली, आणि मला स्पष्ट लागलं. पाच बोटं. तळव्याच्या रेषासुद्धा. डोळ्यांना तिथे स्वच्छ पांढरा रंग दिसत होता.

गोळा उलटा करून बघितला. रेल्वेच्या धुळीने गोळ्यावर काळे-नारिंगी कण येतात, ते मी शेकडो वेळा पाहिलेत. हे ते नव्हतं. ही ओली लाल माती होती, शेतात खड्डा खणल्यावर खालून निघते तशी. तिचा वास येत होता. तिच्यात गवताचं एक बारीक पांढरं मूळ होतं. ते मूळ बघितलं आणि माझ्या हातातून गोळा खाली पडला.

गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. चांगला सभ्य माणूस, धुतलेलं धोतर, आवाज अगदी मायेचा.

"पोरी, धा वाजलं. ऊन चढतंय. किती येळ?"

त्याने हे मला विचारलं. पाहुणे घरच्यांना विचारतात तसं नाही, तर आजारी माणसाला म्हणतात ना, आता पड जरा, तसं. मी खरोखर खाली बसायला लागले. एवढं सोपं वाटलं मला ते... की फरशीवर आडवं व्हायचं, आणि सगळ्यांना फार वेळ ताटकळत ठेवलं याची लाजही वाटली. ती लाज आठवली की मला आजही सगळ्यात जास्त भीती वाटते.

आई ओरडली, "माझी पोर जिती हाय! चुकून सांगितलंय वो!"

"चुकून कसं, मावशी? घरच्यानं सांगितलंय. सख्ख्या भावानं." म्हातारा शांतपणे म्हणाला. "घरच्यानं सांगितल्याली माती मोडत न्हाई. लोक आल्याती."

तेव्हा प्रशांत माझ्या पुढे येऊन उभा राहिला. हातात अजून पाण्याचा पाइप, पायात गमबूट. हा माझा भाऊ एरवी झुरळाला घाबरतो. गिऱ्हाइकांशी पुण्याच्या मराठीत बोलायची त्याला कोण हौस! पण त्या वेळी तो अगदी आप्पांसारखा बोलला.

"मी सांगितलं, तवा मीच बदलतो. माती ताईची न्हाई. माझी."

आईने केलेला आवाज मी इथे लिहू शकत नाही.

"पर आज न्हाई," प्रशांत म्हणाला. "केस पांढरं झाल्याव या. तवा मी न्हाई म्हननार न्हाई."

म्हाताऱ्याने त्याच्या डोक्याकडे बघितलं. प्रशांतचे केस तेव्हा काळेभोर, दाट, जेल लावून वर केलेले. म्हातारा बराच वेळ बघत राहिला, आमच्या आईचे केस आहेत का काळे, माझे आहेत का, तेही त्याने बघितलं.

"केस पांढरं झाल्याव," तो म्हणाला.

"व्हय."

"घरच्यानं सांगितलंय बरं का!" तो मागे वळून लोकांना म्हणाला. माना हलल्या. आणि सगळे निघाले. धावपळ नाही, बोलणं नाही. मातीहून परतताना लोक मागे वळून बघत नाहीत, तसे न बघता. रिक्षा थांबतात तिथून पुढे ते कुठे गेले, हे आमच्यापैकी कुणालाही सांगता येत नाही. पंक्चरवाले काका म्हणतात, एक ट्रक आडवा गेला, तेवढ्यात रस्ता मोकळा झाला. जाताना एकाचीही मूठ उघडली नाही. मी नीट बघत होते.

त्यानंतर आम्ही चौघं फरशीवर बसून रडलो. मग हसलो. आत्या प्रशांतचं तोंड कुरवाळत सारखी म्हणत होती, "किती शाना गं माझा भाचा! चाळीस वर्सं मागून घेतली!" खरंच तसंच वाटलं होतं. तिशीसुद्धा न आलेला पोरगा. केस पांढरे व्हायला अजून आयुष्य पडलंय. सचिन दुपारी आला तेव्हा सगळं ऐकून म्हणाला, तुम्हाला सगळ्यांनाच एकदम ऊन लागलं असणार. बॉनेटवरची ती जागा मी पुन्हा पिशवी घालून तपासली, काचेसारखी गुळगुळीत होती. मॅडम गाडी घेऊन गेल्या. खूश होत्या. आम्ही त्या कामाला आता 'क्ले'च म्हणतो आणि फोनवर त्याची वेळ कुणालाही सांगत नाही.

हे इथेच संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं. चार लोकांत हसं करून घ्यायची मला हौस नाही.

दिवाळीच्या आधी प्रशांत आरशासमोर भांग पाडत होता आणि मला हाक मारून म्हणाला, "ताई, हे बघ, म्हातारा झालो!" कानाच्या वर एक पांढरा केस. मी तो उपटला आणि हसले. त्याला पाठ फिरवून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. आठवडाभरात तिथे झुपकाच आला. मग दुसऱ्या कानावर. मग टाळूवर.

डॉक्टरांना दाखवलं. तळेगावात दाखवलं, पुण्याला दाखवलं. रक्त तपासलं, बी-ट्वेल्व्ह थोडं कमी आलं, गोळ्या दिल्या. आजकाल तरुण मुलांचे फार पिकतात, स्ट्रेस असतो, म्हणाले. घरात कुणाचे लवकर पिकले होते का, असंही विचारलं. आप्पा गेले तेव्हा त्यांचे केस काळे होते. आईचे आजही निम्मे काळे आहेत.

आता दर रविवारी सकाळी मी प्रशांतच्या घरी जाते. त्याला मोरीच्या कट्ट्यावर बसवते, गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळते, वाटीत रंग कालवते आणि ब्रशने मुळापासून लावते. एकही केस सुटू देत नाही. भुवया बघते, मिशा बघते. तो जोक करत असतो. गेल्या रविवारी केला नाही. खाली बघत म्हणाला, "ताई, काळे किती राहिलेत गं?"

मी म्हटलं, "बरेच आहेत."

माझ्या हाताखाली मुळाशी काळा असा एकही नव्हता.

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. त्या बाईचं नाही, त्या माणसांचं नाही, त्याच्या केसांचंही नाही. कुणाकडे असेल तर मला ते ऐकायचंय, अगदी मला वेडी ठरवणारं असलं तरी चालेल, खरं तर तसंच असलं तर बरं. पण त्याच्या आधी, कुणाला माहीत असेल तर फक्त एवढंच सांगा... त्यांना रंग लावलेला कळतो का?